किनाऱ्यावरच्या घरात दोन रात्री, आणि ताईची झोप

हे प्रकरण माझ्या मोठ्या बहिणीचं आहे, तिला विचारूनच लिहितेय. घर कुठलं, किनारा कुठला, मालक कोण हे मुद्दाम गाळलंय. जे झालं ते कुठल्याही समुद्राकाठी कुठल्याही भाड्याच्या घरात होऊ शकतं. मी त्या दोन्ही रात्री तिथेच होते, म्हणजे जे लिहितेय ते बघितलेलं आहे, आणि यातल्या दोन-तीन चुका माझ्या स्वतःच्या आहेत.

पार्श्वभूमी

ताई हॉस्पिटलमध्ये शिफ्टमध्ये काम करते. त्याआधीचे नऊ आठवडे तिला सलग दोन दिवस सुट्टी मिळालेली नव्हती, रात्रपाळी संपवून घरी यायची आणि चार तास झोपून मुलांच्या मागे लागायची. तिला फक्त एवढंच हवं होतं की दोन दिवस कोणी काही विचारू नये. मग आम्ही सगळ्यांनी ठरवलं की समुद्रावर जायचं, आणि इथेच पहिली गोष्ट घडली जी तेव्हा कोणाच्या लक्षात आली नाही: बुकिंग ताईनेच केलं. "तूच बघ ना, तुला नीट जमतं," हे मीच म्हणाले होते.

जाणारे आठ जण. ताई, भाऊजी, त्यांची दोन मुलं (एक नऊ वर्षांचा, एक चौदाची), ताईचे सासूसासरे, मी आणि माझा नवरा. ताईने रात्रपाळीच्या मधल्या वेळेत मोबाइलवर घरं बघितली. एक घर अगदी समुद्राला लागून, फोटोत पायऱ्या उतरल्या की लगेच लांबच लांब ओली वाळू, बेडरूमला मोठी काच आणि काचेत समुद्र. खाली लिहिलेलं, आठ जण झोपू शकतात. तिने बुक केलं.

घर पाच तासांच्या अंतरावर. शुक्रवारी पाचला निघायचं ठरलं, सहाला निघालो, अकराला पोचलो. चेकआऊट रविवारी सकाळी अकराला. हे गणित मी नंतर कागदावर मांडलं तेव्हा मलाच धक्का बसला. शुक्रवार रात्री ११ ते रविवार सकाळी ११ म्हणजे ३६ तास, त्यातले झोपेचे १६ काढले की उरले २०, आणि शेवटचे दोन आवराआवरीत जाणार, म्हणजे १८. या १८ तासांसाठी गाडीत १० तास. बुक करताना आपण रात्री मोजतो, "दोन रात्री आहेत की", पण जागेपणीचे तास कोणी मोजत नाही.

अडचणी कुठून सुरू झाल्या

दाराशेजारी भिंतीवर किल्ली ठेवायची छोटी पेटी होती, चार आकडे जुळवले की उघडते तशी. तिसरं चाक फिरेचना. मोबाइलच्या टॉर्चमध्ये बघितलं तर पितळेवर हिरवट थर, खारी हवा आत शिरून सगळं धरून बसलेलं. भाऊजींनी बाटलीतलं पाणी ओतलं, रुमालाने घासलं, माझ्या नवऱ्याने चपलेच्या टाचेने हळूहळू ठोकलं. मुलं गाडीत झोपलेली, सासूबाई पायरीवर बसलेल्या, आणि ताई मालकाला फोन लावतेय कारण बुकिंगवर नंबर तिचा एकटीचा. तो झोपलेला असणार, उचलला नाही. चाळीस मिनिटांनी चाक खट्कन फिरलं. तेव्हा खाली भिंतीवर लाटा आदळत होत्या आणि वाळूचा पत्ता नव्हता, पण त्याचा विचार करायच्या मनःस्थितीत कोणीच नव्हतं.

समुद्राकडची मोठी बेडरूम आम्ही प्रेमाने ताईला दिली, तुझ्यासाठीच तर आलोय म्हणून. खोली किती दिवस बंद होती कुणास ठाऊक. कपाट उघडलं की कुबट वास, गादीवर तळहात दाबून ठेवला की गार आणि दमट लागायचं. समुद्राकाठच्या घरांत हे का होतं ते समजून घेतलं तर पुढच्या वेळी उपयोगी पडतं: हवेतलं बारीक मीठ कापडावर बसतं आणि मीठ हवेतली ओल ओढून घेतं, त्यामुळे गादी-पडदे नुसते बंद खोलीत ठेवले तर ओलसरच राहतात. आमचे टॉवेलही तसेच झाले, दिवसभर कठड्यावर टाकलेले, तरी संध्याकाळी चिकट. गोड्या पाण्यातून काढून मग वाळत घातले तेव्हा कुठे सुकले.

त्या रात्री ताई तीनपर्यंत जागी होती. लाटा सरळ भिंतीवर येत होत्या आणि खिडकीचं एक झडप सैल होतं ते प्रत्येक वाऱ्याला आपटायचं. लाटांच्या आवाजात झोप छान लागते असं आपण म्हणतो, पण तो लांबून येणारा, एकसारखा आवाज असेल तर. उशाशी आदळणारं पाणी वेगळं.

शनिवारी सगळे आरामात उठले, आवरता आवरता साडेअकरा, मुलं धावत खाली गेली आणि तशीच परत आली. किनाराच नव्हता. पाणी तिसऱ्या पायरीपर्यंत. नऊ वर्षांचा तर रडवेला झाला, "मावशी, फोटोतली वाळू कुठे गेली?"

फोटो ओहोटीचा होता, आणि आम्ही गेलो होतो ते पौर्णिमेचे दिवस, म्हणजे उधाणाची भरती. बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोनदा भरती येते, एका भरतीपासून दुसरीपर्यंत साधारण १२ तास २५ मिनिटं, म्हणून तीच भरती रोज जवळजवळ ५० मिनिटं पुढे सरकते. शुक्रवारी रात्री साडेअकराच्या सुमाराला पाणी भरलेलं होतं, म्हणजे शनिवारी दुपारी बाराला पुन्हा भरणारच. पहाटे पावणेसहाला तिथे फोटोतला सगळा किनारा उघडा होता आणि आम्ही आठही जण आत होतो. भरतीचं वेळापत्रक कुठल्याही तारखेचं आधी बघता येतं, दोन मिनिटांचं काम आहे. आम्ही कोणीच बघितलं नव्हतं.

मग चार वाजता पाणी संपलं. आठ माणसं, एक बाथरूम, अंगावरचं मीठ आणि वाळू धुवायची म्हणून प्रत्येकाची दोनदा आंघोळ, आणि टाकी बहुधा चार माणसांच्या हिशोबाची. "आठ जण झोपू शकतात" यात हॉलमधले दोन सोफे धरलेले होते हे तोवर कळलंच होतं. झोपायला जागा असणं आणि राहायला सोय असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि जाहिरातीत आकडा पहिल्याचा असतो.

तो क्षण

पाणी गेलं तेव्हा मी ताईला शोधत स्वयंपाकघरात गेले. ती ओट्याला टेकून उभी होती, एका हातात फोन, त्यावर मालकाला मेसेज टाइप करतेय, दुसऱ्या हाताने भांडी सरकवतेय, आणि मुलगी दारातून विचारतेय की चार्जर कुठे आहे. शनिवारच्या सकाळपासून मी नुसतं ऐकत होते: ताई, वायफायचा पासवर्ड? ताई, जास्तीच्या चादरी कुठेत? अगं, कचरा कुठे टाकायचा? घराची सगळी माहिती तिच्या फोनमध्ये होती म्हणून प्रत्येक प्रश्न तिच्याकडेच जात होता. वॉर्डमध्ये होतं तेच, फक्त समुद्राकाठी.

माझ्या मागोमाग सासूबाई आल्या. त्यांनी एकदा तिच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, तू अजून आलीच नाहीयेस इथे."

ताई खुर्चीवर बसली आणि रडायला लागली. आवाज न करता, बराच वेळ. सासूबाईंनी तिच्या हातातून फोन घेतला आणि माझ्याकडे दिला.

काय काय पर्याय होते

मग आम्ही चौघं मोठे, म्हणजे भाऊजी, माझा नवरा, सासूबाई आणि मी, बाहेरच्या पडवीत बसलो. ताईला मुद्दाम बोलावलं नाही, याही प्रश्नाचं उत्तर तिनेच द्यावं असं होऊ नये म्हणून.

भाऊजींचं पहिलं म्हणणं, आत्ता निघू, रात्री उशिरा घरी पोचू, निदान आपल्या पलंगावर झोपेल. मला ते सुरुवातीला पटलं. पण पाच तास गाडी, त्यातही सामान भरणार कोण, आणि घरी पोचल्यावर रविवार म्हणजे धुणं, डबे, सोमवारची तयारी. शिवाय आपल्यामुळे सगळ्यांची सुट्टी मोडली हे ताईच्या डोक्यात राहणार, आम्ही तिला ओळखतो.

दुसरं, मालकाला सांगून दुसरं घर मागायचं किंवा जवळच्या हॉटेलात जायचं. शनिवारी दुपारी आठ माणसांना जागा मिळणं अवघड, आणि मिळाली तरी पुन्हा बॅगा भरणं, पुन्हा नवी खोली. नव्या जागेतल्या पहिल्या रात्रीबद्दल मला एक गोष्ट वाचून माहीत होती. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या ब्राऊन विद्यापीठात मासाको तामाकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झोपलेल्या माणसांच्या मेंदूची तपासणी केली, तर अनोळखी ठिकाणी पहिल्या रात्री मेंदूचा डावा भाग उजव्याइतका गाढ झोपत नाही, बारीक आवाजालाही सावध होतो असं दिसलं, आणि नंतरच्या वेळी हा फरक राहिला नाही. म्हणजे जागा बदलली असती तर ताईच्या वाट्याला पुन्हा एक पहिली रात्र आली असती.

तिसरं, मालकाशी भांडायचं. माझा नवरा त्या मूडमध्ये होता, आणि त्याचं चुकीचंही नव्हतं. पण ज्या घरात अजून एक रात्र काढायची आहे तिथे वाद पेटवला की तो सगळ्यांच्या डोक्यात बसतो.

चौथं म्हणजे इथेच राहायचं आणि घरातली मांडणी बदलायची. शेवटी हेच ठरलं. सासूबाई म्हणाल्या की घराची चूक अर्धीच आहे, अर्धी आपली आहे, आणि आपली अर्धी आज संध्याकाळपर्यंत सुधारता येईल.

काय केलं

पहिलं, फोन. मालकाशी यापुढे मी बोलणार. किल्लीची पेटी, दमट गादी, झडप, टाकी या चारही गोष्टींचे फोटो काढून एकाच मेसेजमध्ये पाठवले, साध्या भाषेत, आरोप न करता, आणि काय हवं तेही लिहिलं: आज टाकी भरून द्या आणि रविवारी उशिरा निघू द्या. भाड्याचं नंतर बोलू. त्याने तासाभरात माणूस पाठवून टाकी भरली. शुक्रवारी रात्रीच असा मेसेज गेला असता तर शनिवारचा दिवस वाचला असता. तेव्हा वाटलं होतं कशाला उगाच पहिल्याच दिवशी कटकट.

दुसरं, खोली. घराच्या मागच्या बाजूला एक छोटी खोली होती, तिथे आमच्या बॅगा ठेवलेल्या, खिडकीतून फक्त झाडं आणि मागची भिंत दिसायची म्हणून कोणी झोपायला घेतली नव्हती. पण समुद्र भिंतीपलीकडे, आवाज लांबून येणारा. आणि सासरे म्हणाले ते महत्त्वाचं होतं: दिवसा जमीन लवकर तापते म्हणून वारा समुद्राकडून येतो, रात्री जमीन आधी गार होते म्हणून उलटा, जमिनीकडून समुद्राकडे. म्हणजे रात्री हवा येणार ती मागच्या खिडकीतून. दिवाणखान्यातली कोरडी गादी उचलून तिथे टाकली, घरून आणलेली चादर घातली. समुद्राची खोली मी आणि माझ्या नवऱ्याने घेतली, ओल्या गादीवर सतरंजी टाकून, आणि झडपेत कागदाची घडी खुपसली.

तिसरं, प्रश्न. मी एका कागदावर मोठ्या अक्षरात वायफाय, कचरा, गिझर, चादरी, चार्जर सगळं लिहून फ्रिजला लावलं. गिझर गॅसचा होता आणि बाथरूमची खिडकी घट्ट बसलेली, ती आधी उघडून घेतली कारण बंद जागेत त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो, हे कोणी हलक्यात घेऊ नका. आंघोळीला मुलं आधी, मोठे रात्री. स्वयंपाक भाऊजी आणि माझा नवरा.

चौथं, बेत रद्द. शनिवार-रविवारसाठी तीन ठिकाणं बघायची यादी होती, ती फाडली. मुलं कुरकुरली, पण त्यांना सहाची ओहोटी सांगितली आणि खरंच सव्वासहाला पायऱ्यांखाली सगळी वाळू उघडी झाली होती, चमकणारी, बारीक खेकड्यांच्या भोकांनी भरलेली. सासरे त्यांना घेऊन गेले. पाणी घोट्याच्या वर नाही हा नियम, कारण दोन लाटांच्या मधे एक गडद, शांत पट्टा दिसत होता आणि लोकांना तोच सुरक्षित वाटतो, तर बऱ्याचदा तिथूनच पाणी वेगाने आत ओढतं. मुलीला त्यांनी समजावून सांगितलं की कधी अडकलीस तर ओढीच्या उलट पोहायचं नाही, किनाऱ्याला समांतर पोहत बाहेर यायचं.

निकाल

ताई शनिवारी पाच ते आठ झोपली. उठली, जेवली, कोणाशी फारसं बोलली नाही, दहाला पुन्हा झोपली ती सात वाजेपर्यंत. रविवारी मालकाने दोनपर्यंत राहायला परवानगी दिली कारण पुढचं बुकिंग नव्हतं, ते तीन तास आम्हाला फार मोलाचे ठरले. सकाळी ती आणि सासूबाई ओहोटीच्या वाळूवरून लांबपर्यंत चालत गेल्या आणि परत येताना ताईच्या हातात चपला होत्या, फोन नव्हता. मालकाने नंतर भाड्यातला थोडा भाग परत दिला, जास्त नाही, पण त्याने पेटी बदलतो म्हणून कळवलं.

सुट्टी यशस्वी झाली असं मी म्हणणार नाही. सोमवारी ताई कामावर गेली ती जेमतेम ठीक होती. १८ तासांतले आठ-नऊ तास तिच्या हाती लागले, बाकीचे वाया गेले.

नंतर मी थोडं वाचलं. साबिने झोनेनटाग आणि शार्लट फ्रिट्झ या दोघींनी २००७ मध्ये कामाच्या थकव्यातून माणूस सावरतो तेव्हा नेमकं काय अनुभवतो याचे चार भाग मांडले होते: कामापासून मन सुटणं, अंग सैल होणं, काहीतरी नवीन जमणं, आणि आपला वेळ आपल्या हातात असणं. घर निवडताना आम्ही फक्त दुसऱ्याचा विचार केला, समुद्र दिसला की अंग सैल होईल. पहिला आणि चौथा, ज्यांची ताईला सगळ्यात जास्त गरज होती, ते घराच्या फोटोत दिसतच नाहीत.

पुन्हा करताना काय बदललं

तीन महिन्यांनी पुन्हा गेलो. या वेळी बुकिंग मी केलं, मालकाकडे नंबर माझा, ताईला घराचा पत्तासुद्धा निघायच्या दिवशी सांगितला. दीड तासाच्या अंतरावरचं घर, किनाऱ्यापासून दुसऱ्या रांगेतलं, समुद्र फक्त गच्चीतून दिसणारं. तीन रात्री, म्हणजे पहिली रात्र सावध झोपेत गेली तरी दोन उरतात. उजेडात पोचलो, त्यामुळे गाद्या उन्हात टाकता आल्या. मालकाला आधी पाचच प्रश्न विचारले: पलंग किती (सोफे सोडून), बाथरूम किती, टाकी किती लिटरची, घर शेवटचं कधी उघडलं होतं, आणि रात्री काही झालं तर फोन कोण उचलणार. शेवटच्या प्रश्नाला जो नीट उत्तर देतो त्याचं घर बहुतेक वेळा बरं निघतं, असं माझं मत झालंय. परीक्षणं वाचताना तारे बघितले नाहीत, ओल, पाणी, आवाज, किल्ली हे शब्द शोधले. आणि अमावास्या-पौर्णिमेच्या अधलेमधले दिवस घेतले, तेव्हा भरती-ओहोटीतला फरक कमी असतो.

या वेळी चौघंच होतो, ताई, भाऊजी आणि आम्ही दोघं. मुलं आजीआजोबांकडे. ताईला खरोखर विश्रांती मिळाली, दुसऱ्या दिवशी तिने दुपारभर गच्चीत पाय पसरून काहीही केलं नाही आणि मला ते बघूनच बरं वाटलं.

पण सासूबाईंना वाईट वाटलं. त्या बोलल्या नाहीत, पण निघताना दारात उभ्या होत्या तेव्हा दिसत होतं, आणि पहिल्या वेळी ताईचं दुखणं ओळखलं ते त्यांनीच. हा निर्णय मला अजून खुपतो. माणसं कमी केली म्हणून ताईला आराम मिळाला की फोन तिच्याकडून काढून घेतला म्हणून, हे मला नक्की सांगता येत नाही, आणि दुसरं खरं असेल तर त्यांना मागे ठेवायची गरजच नव्हती. पुढच्या खेपेला सहा जणांचं घर बघतेय, दोन बाथरूमचं. सासूबाईंनी एकच अट घातलीय, मागची खोली त्यांना हवी.